कोपरापर्यंत

"तुमच्या नाकात सापडलेत," डॉक्टर मनोरमा रिसबूड म्हणाल्या, आणि धम्मदीनाचा हात आपोआप नाकाकडे गेला. तिथं काहीतरी लागलंय, पुसून टाकता येईल, असं त्या हाताला वाटलं असावं. पण तो अर्ध्यावरच थांबला, कारण डॉक्टरांचं पुढचं वाक्य हाताबद्दलच होतं. "आणि उजव्या हाताच्या बोटांत भेगा पडल्यात ना, तिथंही. भानुमतीच्या जखमेत जे जंतू निघाले, त्याच जातीचे." बाहेर इंदूरच्या तुकोगंजच्या रस्त्यावर टेम्पोवाला राजवाड्याच्या सवाऱ्यांसाठी ओरडत होता. खोलीत नवाकोरा ए.सी. घरघरत होता. धम्मदीनाला सगळं नीट ऐकू आलं होतं, पण त्यातला एकच शब्द तिच्यापाशी उरला. जातीचे. डॉक्टर मूळच्या पुण्याच्या, त्यांच्या बोलण्यात तो सहज आला होता. आंबा कुठल्या जातीचा, गहू कुठल्या जातीचा, तसा. त्यांच्या चेहऱ्यावर त्या शब्दाचं काही नव्हतं. धम्मदीनानं चेहरा पुन्हा एकदा पाहून घेतला. नव्हतंच काही. उलट डॉक्टर तिच्याकडे जरा काळजीनंच बघत होत्या.

महिन्याभरात तीन बाळंतिणींच्या पोटावरचे टाके पिकले होते. पहिलीच्या वेळी सगळे म्हणाले, होतं असं. दुसरीच्या वेळी डॉक्टर गप्प झाल्या. तिसरी भानुमती. तिची जखम उघडीच पडली, ताप चढला, आणि नर्सिंग होममधल्या सगळ्यांचं बोलणं हळू झालं. मग पॅथॉलॉजीचा स्वप्निल कापूस गुंडाळलेल्या काड्या घेऊन आला. त्यानं ऑपरेशनच्या टेबलावरून काडी फिरवली, वरच्या दिव्याच्या मुठीवरून, ए.सी.च्या जाळीवरून. वाफेवर निर्जंतुक झालेली हत्यारं उघडून त्यांच्यावरूनही फिरवली. मग माणसं. डॉक्टरांच्या नाकापासून सुरुवात झाली आणि सगळे हसले, कारण डॉक्टर शिंकल्या. धम्मदीनाही हसली होती. तिच्या मनात तेव्हा भीती होती ती हत्यारांच्या ड्रमची. वाफेचं यंत्र तिच्या ताब्यात असे. दाब चढला की नाही, पट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या की नाही, ते तीच बघत असे. यंत्रात दोष निघू नये एवढंच ती मनाशी घोकत होती. यंत्रात निघाला नाही. हत्यारं स्वच्छ होती. टेबल स्वच्छ होतं. आपण स्वतःच निघू, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मॅडम, म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"तसं खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही." डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे जंतू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात असतात. त्यांना स्वतःला काही होत नाही. शिवाय हातमोजे आपण धुऊन परत परत वापरतो, एखाद्याला बारीक भोक असेल तर दिसतही नाही. ती चूक माझी आहे. या आठवड्यापासून नवेच वापरायचे. पण तुमचे हात बघा जरा. कातडी राहिलीय कुठं? कातडी शाबूत असते तोवर ती या जंतूंना थारा देत नाही. फाटली की भेगांत घर करतात. तुम्ही तो ब्रश फार घासता."

"तुम्हीच म्हणायच्या ना, धम्मदीनासारखं स्क्रब करा."

"म्हणायचे," डॉक्टर म्हणाल्या. "चुकलं."

मग त्यांनी मलम लिहून दिलं, ते नाकपुड्यांत आतून लावायचं. अंघोळीला औषधी साबण. हाताला ब्रश बंद. पुन्हा तपासणी होईपर्यंत ऑपरेशन थिएटरमध्ये यायचं नाही, कुणाचं ड्रेसिंग करायचं नाही, बाकी वॉर्डात हवं ते करा, घरी हवं तसं राहा. "ही शिक्षा नाही, समजलं ना?" त्यांनी दोनदा विचारलं. धम्मदीना दोन्ही वेळा हो म्हणाली. शिक्षा नसेल तर दोनदा का सांगावं लागतं, एवढं तिच्या मनात आलं, आणि खुर्चीच्या हाताला आपण धरून बसलोय हे लक्षात येऊन तिनं हात उचलून मांडीवर ठेवले. मांडीवर ठेवले, तर युनिफॉर्मला लागले.

थिएटरबाहेर हात धुण्याची मोठी मोरी होती, कोपरानं उघडायचे नळ. ती तिथं जाऊन उभी राहिली आणि नळ उघडला नाही. ही तिची जागा होती. इथं तिच्याइतका वेळ कुणी उभं राहत नसे. नखं, मग बोटांच्या चारी बाजू, मग तळवा, मग मनगट, मग वर कोपरापर्यंत, आणि हात वर धरून पाणी कोपराकडून गळू द्यायचं म्हणजे खालचं पाणी बोटांवर परत येत नाही. ट्रेनिंगमध्ये हे सगळ्यांनाच शिकवलं होतं, पण बाकीच्या मुली शिकल्या आणि सोडून दिलं. धम्मदीनानं ते अंगात मुरवलं. ट्रेनिंगच्या पहिल्याच महिन्यात बायकांच्या वॉर्डात एक म्हातारी होती. गोरी, तुळशीची माळ घातलेली, बोलायला गोड. धम्मदीना तिचं अंग पुसायला गेली तेव्हा तिनं लाडानं विचारलं, बेटी, नाम क्या तेरा? आणि नाव ऐकून विचारलं, पूरा नाम? पूर्ण नाव सांगितल्यावर म्हातारी हसली, म्हणाली, अच्छा अच्छा, आणि मग, आज रहने दे, आज मुझे ठंड लग रही है. भर मे महिना होता. धम्मदीना पाण्याचं भांडं घेऊन परत मोरीपाशी आली. कुणी काही वाईट बोललं नव्हतं. तक्रार करावी असं काहीच घडलं नव्हतं. तिनं नुसते हात धुतले. कामाला लागायच्या आधी धुतले होतेच, पुन्हा धुतले, आणि तेव्हा पहिल्यांदा तो ब्रश हातात घेतला.

पण तेही पहिल्यांदा नव्हतं. त्याआधी महू होतं, बाबांचं घर. बाबा फौजेतून पेन्शनवर आलेले. बूट चकचकीत, शर्टाची घडी सुरीसारखी. रविवारी सकाळी चारी पोरांना ओळीत उभं करून ते नखं तपासायचे. "आपल्याकडे कुणी बोट दाखवता कामा नये," ते म्हणायचे, "बाकीच्यांच्या नखात माती असली तर ती माती. आपल्या नखात असली तर ते काहीतरी दुसरंच." तिला तेव्हा ते कळलं नव्हतं. शाळेत पाणी प्यायला ओंजळ धरून उभं राहावं लागे, चपराशी वरून लोटीनं ओतायचा, आणि ते पाणी कोपरांवरून ओघळून फ्रॉकमध्ये जायचं. पुढं नवा चपराशी आला आणि ते बंदही झालं. पण इतक्या वर्षांनी, थिएटरच्या मोरीशी हात वर धरून उभी असताना, कोपरावरून पाणी गळायला लागलं की कधीकधी फ्रॉक ओला झाल्यासारखं वाटायचं. या नोकरीत तरी हे पाणी आपण आपल्या हातानं घेतो, असं ती मनाशी म्हणायची. ब्रश आणखी जोरात चालायचा. रात्री हात चुरचुरायचे. चुरचुरले की बरं वाटायचं, धुतले गेल्याची ती पावती होती. आणि त्याच भेगांत ते जंतू बसले होते. तिनं जितकं घासलं, तितकी त्यांना जागा करून दिली.

दुपारपर्यंत ती गोष्ट सगळ्यांना माहीत झाली असावी. म्हणजे तिला तसं वाटलं. आयाबाई द्वारकाबाई रोज सगळ्यांचा चहा एकाच ट्रेमधून आणायची. त्या दिवशी तिनं ट्रे टेबलावर ठेवला, धम्मदीनाचा ग्लास उचलून तिच्यापुढं ठेवला आणि बाकीचे ग्लास ट्रेमध्येच राहिले. रोज असंच होत होतं का? धम्मदीनाला आठवेना. रोज आपण स्वतः उचलतो की ती देते? आणि द्वारकाबाई घाबरली असेल तर ती जंतूंना घाबरली की आणखी कशाला? द्वारकाबाई स्वतः कोण हे धम्मदीनाला माहीत होतं, ती कुणाला नावं ठेवण्यातली नव्हती. तरीही. चहा पिऊन झाल्यावर तिनं आपला ग्लास स्वतः विसळला, उकळत्या पाण्यातून काढला आणि खिडकीच्या कठड्यावर वेगळा पालथा घातला. घातल्यावर ती त्या एकट्या ग्लासाकडे बघत राहिली. हे तर मीच केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

"दीदी, उधर क्यों रखा?" द्वारकाबाईनं विचारलं.

"असू दे. सुखने दे."

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईनं तो ग्लास उचलून बाकीच्यांत मिसळला. कोणता तो ओळखता येईना म्हणून धम्मदीनानं सगळेच ग्लास पुन्हा उकळले.

घरी जाताना टेम्पोत उभं राहून दांडी धरावी लागे. आजवर तिनं ती हजारदा धरली होती. आता तिला त्या दांडीवर हात दिसायला लागले. आधी धरलेले, नंतर धरणारे. भाजीच्या पिशवीतला, नाक शिंकरलेला, पोराला भरवणारा. तिनं पदराचं टोक हाताभोवती गुंडाळून दांडी धरली. समोरची बाई तिच्याकडे बघून जरा सरकून बसली. तिला वाटलं असेल ही फार सोवळ्यातली दिसते. त्या विचारानं धम्मदीनाला हसू आलं. बंद पडलेल्या मिलच्या भिंतीशेजारून टेम्पो गेला. फाटकाला साखळी होती, आत गवत वाढलं होतं, आणि भिंतीवर कुठल्याशा रंगीत टी.व्ही.ची भली मोठी जाहिरात रंगवली होती. याच फाटकातून तिचा नवरा नरेंद्र रोज कापसाचा भुगा केसांत घेऊन बाहेर यायचा. मिल बंद झाली तेव्हा तो बरेच दिवस घरात बसून होता. मग बेटम्याला सोयाबीनच्या कारखान्यात लागला. पोती उचलायचं काम. लूमवर होता तेव्हा त्याच्या बोटांना धाग्याचा गुण होता, तुटलेला धागा तो न बघता जोडायचा. आता बोटं जाड झाली होती. तो त्याबद्दल बोलत नसे. घरात एकच नोकरी होती जिच्याकडे बघून सगळे निर्धास्त होते, आणि ती तिची होती.

तिनं घरी सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर कुठून सुरू करायचं? नाकापासून? तिनं नुसतं वागणं बदललं. आपला टॉवेल वेगळा केला. उशीची खोळ रोज उकळायला टाकली. नरेंद्र जवळ आला की ती कूस बदलायची, डोकं दुखतंय म्हणायची. कणीक मळायला सासूला सांगू लागली. सासू, कांताबाई, पहिले दोन दिवस काही बोलल्या नाहीत, त्यांनी मळली. त्यांच्या गुडघ्यांना तेल लावायचं काम धम्मदीनाचं होतं. तेही तिनं टाळलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या घरी हवं तसं राहा. पण डॉक्टरांनी हेही म्हटलं होतं की धम्मदीनासारखं स्क्रब करा. माणसं सांगतात आणि मग चुकलं म्हणतात. मधल्या काळात भानुमतीचं पोट उघडं पडतं.

रविवारी नरेंद्र घरी होता. जेवायला बसताना तिनं त्याचं ताट वाढलं आणि पोळी चिमट्यानं उचलून त्याच्या ताटात टाकली.

नरेंद्र त्या चिमट्याकडे बघत राहिला. "ये क्या नया चालू केलं?"

"काही नाही. गरम आहे."

"गरम पोळी तू हातानं उचलतेस. इतकी वर्षं बघतोय मी." त्यानं ताट थोडं पुढं सारलं. "तू ना, साफ सांग. आठवडा झाला, जवळ आलो की सरकतेस. मिलमध्ये होतो तेव्हा कापसानं भरलेला यायचो, तेव्हा नाही तुला विटाळ झाला. आता पोती उचलतो तर वास येतो का माझा?"

विटाळ हा शब्द या घरात कुणी उच्चारत नसे. नरेंद्रनं तो रागात उच्चारला आणि उच्चारल्यावर तोच ओशाळला. धम्मदीना चिमटा हातात धरून उभी होती. तिला वाटलं, चिमटा ठेवला तर हात उघडे पडतील. मग तिनं ठेवला आणि दोन्ही हात त्याच्यासमोर धरले, भेगाळलेले, बोटांच्या सांध्यांशी लाल, मलमानं चकाकणारे. "तुझा नाही," ती म्हणाली. "माझा. माझ्या हातात निघालंय. नाकात पण. तीन बायकांचे टाके पिकले, मी होते तिन्हीला. ते ओ.टी.त येऊ देत नाहीत मला." तिला वाटलं होतं सांगताना रडू येईल. आलं नाही. आवाज ऑपरेशन थिएटरमध्ये हत्यारं मोजून सांगावीत तसा कोरडा आला.

"नोकरी तर नाही ना जाणार?" कांताबाईंनी पहिल्यांदा तेच विचारलं. नरेंद्र म्हणाला, "आई, जरा थांब ना." कांताबाई भिंतीला धरून उठल्या, धम्मदीनापाशी आल्या आणि तिचा हात ओढून उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. "डॉक्टरीणबाई काय म्हणाली? घरात कुणाला शिवू नको म्हणाली?"

"नाही. घरी काही नाही म्हणाल्या."

"मग?"

धम्मदीनानं हात सोडवून पदराआड घेतला.

"आजपर्यंत लोकं म्हणायची, हात नका लावू," कांताबाई म्हणाल्या. "माझ्या आईला म्हटलं, मला म्हटलं. आपण त्याच्यासाठी देव सोडला, गाव सोडलं. आता तूच आपल्या हाताला म्हणायला लागलीस. घरात बसून." त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या परत जाऊन बसल्या आणि गुडघा चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "कडुलिंबाचा पाला आणते मारुतीच्या अंगणातून. उकळून अंघोळ कर. नोकरी नको जाऊ देऊ." मारुती शेजारचा, आणि त्याच्या अंगणात कडुलिंबाचं झाड होतं. नरेंद्रनं पोळी मोडून खायला सुरुवात केली. मग दुसरी पोळी घेण्यासाठी त्यानं डब्यात हात घातला, आणि एक पोळी धम्मदीनाच्या ताटात टाकली, हातानं. तिला ती खावी लागली. खाताना तिला त्याच्या बोटांवरचे जंतू आठवले, मग आपल्या, मग कांताबाईंच्या, आणि कुठं थांबायचं ते कळेना. तरी तिनं ती संपवली.

सासूचं म्हणणं खरं होतं, आणि तरीही पुरतं खरं नव्हतं. धम्मदीना त्या दिवसांत मनाशी तेच घोळवत राहिली. म्हातारीला थंडी वाजली तेव्हा धम्मदीनाच्या हातावर काहीही नव्हतं. ते म्हातारीच्या डोक्यात होतं. आता मात्र हातावर खरोखर होतं. काचेच्या बशीत वाढलेलं, सोनेरी ठिपक्यांसारखं, स्वप्निलनं तिला दाखवलंही होतं. "सिस्टर, बहुत अच्छी ग्रोथ आयी है," तो कौतुकानं म्हणाला होता, आणि मग जीभ चावली होती. ते ठिपके पूर्ण नाव विचारत नव्हते. ते डॉक्टरांच्या नाकातही निघू शकले असते. निघाले नाहीत, हा नुसता योग. हे सगळं तिला कळत होतं. कळूनसुद्धा चार नंबरच्या खोलीवरून जाताना तिची पावलं भिंतीच्या कडेनं जायची. भानुमती त्या खोलीत होती. तिचा ताप आता उतरला होता. जखम रोज धुऊन साफ झाल्यावर डॉक्टरांनी तिला पुन्हा टाके घातले होते, आणि त्या वेळी धम्मदीना थिएटरबाहेर कपड्यांचे गठ्ठे मोजत बसली होती. दार बंद होतं. आतून हत्यारांचा आवाज येत होता, आणि तिला प्रत्येक आवाजावरून कोणतं हत्यार उचललं ते कळत होतं. आपल्या जागी उभी असलेली नवी सिस्टर किती वेळ हात धुऊन गेली ते तिनं घड्याळात पाहिलं होतं. पुरेसं होतं. टाके या वेळी कोरडे राहिले.

पहिल्या तपासणीत तिचं नाक स्वच्छ आलं. हात अजून नाही. म्हणजे भेगा भरत होत्या, पण स्वप्निल म्हणाला, "थोडा और, सिस्टर." डॉक्टर म्हणाल्या, आठवड्यानं परत बघू. धम्मदीनानं बातमी घरी सांगितली तेव्हा नरेंद्र म्हणाला, "देख, हो गया ना!" आणि तिला हायसं वाटण्याऐवजी नवीच भीती वाटली. स्वच्छ म्हणजे किती दिवस स्वच्छ? कापसाची काडी ज्या क्षणी फिरली त्या क्षणापुरतं. त्याच्या पुढच्या क्षणी तिनं श्वास घेतला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार नंबरमधून हाक आली. "सिस्टर! धम्मदीना सिस्टर!" भानुमतीचा आवाज. ती दारात गेली आणि उंबऱ्यावर थांबली. भानुमती उशीला टेकून बसली होती, चेहरा अजून फिका, केस विंचरून घट्ट वेणी घातलेली. ती इंदूरचीच, तिचा नवरा राजवाड्याजवळ कापडाच्या दुकानात काम करायचा. तिची सासू डबा आणायला घरी गेली होती. पलीकडे पाळण्यात बाळ होतं.

"आत या ना. तिथून काय बोलायचं?"

धम्मदीना एक पाऊल आत आली.

"द्वारकाबाई चादर बदलताना बोलून गेली," भानुमती म्हणाली. "तिला वाटलं मला माहीत आहे. तुमच्यामुळे झालं हे?" तिनं पोटावरच्या चादरीकडे बोट केलं.

आत कुठंतरी धम्मदीनाला माहीत होतं की हा प्रश्न येणार. तिनं त्याची उत्तरं तयार केली होती. डॉक्टरांशी बोला. खात्रीनं सांगता येत नाही. कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात असतात. "असेल," ती म्हणाली. "नक्की कुणालाच माहीत नाही. पण असेल."

भानुमतीचे डोळे भरून आले. रागानं. "इतके दिवस पोराला जवळ घेता नाही आलं मला. वरचं दूध पाजलं. सासू म्हणते, माझ्या आंगातच खोट आहे, पहिल्यापासून कमजोर. नवऱ्याला पण तेच वाटतं. आणि तुम्ही रोज दारावरून जात होतात. एकदा सांगता नाही आलं? निदान मला कळलं तर असतं की माझी खोट नाही."

याचं उत्तर धम्मदीनानं तयार केलं नव्हतं. तिला स्वतःचं दिसत होतं, स्वतःची नोकरी, स्वतःचे हात, महूची शाळा, म्हातारीची थंडी. या खोलीत एक बाई रोज स्वतःच्या अंगाला दोष देत पडलीय, हे तिला दिसलं नव्हतं. "चुकलं," ती म्हणाली. "मी सांगते तुमच्या सासूबाईंना. आज आल्या की सांगते. तुमची काही खोट नव्हती."

"सांगाच," भानुमती म्हणाली. मग डोळे पुसून, "हात दाखवा."

धम्मदीनानं लांबूनच दाखवले.

"अगंबाई. हे कशानं?"

"धुऊन."

"धुऊन असं होतं?" भानुमतीनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. त्या नजरेत अजून राग होता, पण तो बाजूला ठेवल्यासारखा. "इतकं धुवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

धम्मदीनानं तोंड उघडलं. नाव घ्यावं असं कुणीच नव्हतं. आणि जे होते ते सगळे एकदम आले, दाराशी गर्दी करून उभे राहिले, आणि कुणालाच आत घेता येईना. पाळण्यातलं बाळ कुरकुरलं, आणि मग एकदम मोठ्यानं रडायला लागलं. भानुमतीनं उठायचा प्रयत्न केला, पोटाला हात लावला, पुन्हा टेकली.

"द्या ना त्याला."

"मी द्वारकाबाईला बोलावते."

"ती खाली गेलीय. सिस्टर, तो गुदमरेल रडून रडून. माझा राग गेलेला नाही, तेवढं समजू नका. पण आत्ता इथं दुसरं कोण आहे?"

कोपऱ्यात बेसिन होतं. धम्मदीनानं हात धुतले, साबणानं, एकदाच, साध्या माणसासारखे, आणि टॉवेलनं टिपले. अजून एकदा धुवावे म्हणून हात नळाकडे वळला होता. बाळाचा श्वास रडण्यात अडकला आणि ती वळली. जंतू असतीलच, तिला वाटलं. माझ्यावर, याच्यावर, पाळण्याच्या दांडीवर. तपासणीच्या वेळी डॉक्टर म्हणाल्या होत्या, माणूस थिएटरमधल्या हत्यारासारखा कधीच होत नाही, होऊ पण नये. तिनं एक हात मानेखाली घातला, दुसरा ढुंगणाखाली, आणि उचललं. बाळ तिच्या अपेक्षेपेक्षा जड होतं. लाल, तापलेलं, रागावलेलं. तिनं त्याला उभं धरलं, तसं ते क्षणभर गप्प झालं, तिच्याकडे बघितल्यासारखं केलं, आणि मुतलं.

लंगोट सैल होता. गरम धार तिच्या दोन्ही हातांवरून, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटावरून वाहिली. भेगांना झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं इतकं झोंबलं. तिनं बाळाला सोडलं नाही, दूर धरलं नाही, तशीच उभी राहिली, आणि पाणी कोपरापर्यंत जाऊन जमिनीवर टपटपलं.

भानुमतीला हसू फुटलं. तिनं पोट दोन्ही हातांनी आवळून धरलं. "अहो, हसवू नका, टाके दुखतात माझे," ती म्हणाली आणि पुन्हा हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. "द्या, द्या इकडे त्याला. आणि हात धुवा ना, सिस्टर."

धम्मदीनानं बाळ तिच्या कुशीत ठेवलं, मान सावरून, अलगद. त्यानं लगेच तोंड फिरवून शोधायला सुरुवात केली.

"धुते," ती म्हणाली, आणि ओले हात तसेच ठेवून कॉटशेजारच्या स्टुलावर बसली.